साताऱ्याचा दरबार : रेव्हरंड नारायण वामन टिळक



दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो इतका ओळखीचा झाला आहे की शुभवर्तमान वाचून होण्याआधीच आपल्या मनात तो पुरा झालेला असतो. वाटेत जखमी होऊन पडलेला माणूस, बाजूने निघून गेलेला याजक, मग लेवी, आणि शेवटी थांबलेला परका. आपण प्रत्येक जण स्वतःला त्या थांबणाऱ्याच्या जागी ठेवतो आणि घरी जातो.

ह्या वेळी आम्हाला असे करता आले नाही, त्याचे कारण आधी सांगतो. दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आपल्या सातारा-सांगली भागात बीडकडून ऊसतोडीची कुटुंबे येतात आणि शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या घालून राहतात. काही वर्षांमागे नाताळच्या रात्री असे एक कुटुंब लेकराबाळांसह गोठा पाहायला आपल्या चर्चच्या दाराशी आले. दाराशी उभ्या असलेल्या कोणीतरी त्यांना सहज विचारले की, तुम्ही ख्रिस्ती आहात का? विचारण्यात वाईट हेतू नव्हता, गर्दी फार होती एवढेच. पण ती माणसे ओशाळली आणि अंधारात निघून गेली. आम्ही तिथेच चार पावलांवर उभे होतो. आम्ही काही बोललो नाही.

ती गोष्ट मनात राहिली. म्हणून ह्या अंकात आम्ही आपल्याच साताऱ्यात अखेरची वर्षे काढलेल्या एका माणसाचे चरित्र सांगणार आहोत. हा माणूस कॅथलिक नव्हता. तरी त्याची भजने आपल्या गायनमंडळाच्या वहीत आहेत, आणि ‘आतला कोण, बाहेरचा कोण’ हा प्रश्न त्याच्याइतका कोणा मराठी ख्रिस्ती माणसाने अंगावर घेतला असेल असे आम्हाला वाटत नाही. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने फार कडक. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेली. मुलाचा जीव आईवर होता, आणि ती तो लहान असतानाच गेली. त्यानंतर घरात त्याला आधार राहिला नाही. तो घरातून बाहेर पडला आणि नाशिकला येऊन संस्कृत शिकू लागला. कोणाच्या ओसरीवर निजायचे, कोणाच्या घरी जेवायचे, असे ते दिवस गेले. पुढे आयुष्यभर ह्या माणसाच्या दारातून कोणी उपाशी परत गेला नाही, त्याचे मूळ आम्हाला ह्या दिवसांत दिसते.

१८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले. सासरचे नाव लक्ष्मी. ह्याच त्या ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. ज्यांनी हे पुस्तक वाचले नसेल त्यांनी ते जरूर वाचावे. हसता हसता डोळ्यांत पाणी आणणारे दुसरे असे पुस्तक मराठीत क्वचितच असेल.

लग्नानंतरही टिळकांची भटकंती थांबली नाही. शिक्षक, पुराणिक, कीर्तनकार, मासिकाचे संपादक, अशी नाना कामे त्यांनी केली. काही काळ नागपूरला आप्पासाहेब बुटी ह्या धनिकाच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केले. विद्वत्ता मोठी, वक्तृत्व उत्तम, कविता सहज सुचायची. पण मनाला स्वस्थता नव्हती. देशाची दुर्दशा त्यांना छळत होती, आणि जातिभेद राहिला तर हा देश कधी वर येणार नाही असे त्यांना वाटू लागले होते. सर्वांना एका पंक्तीला बसवील असा धर्म असावा, तो नसेल तर आपणच काढावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांचे बोलणे रंगले. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले असणार. पण पुस्तक वाचण्याचा शब्द दिला होता, म्हणून त्यांनी वाचायला घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि त्यातून त्यांना पुढे हलता येईना. शत्रूवर प्रीती करा, हे सांगणारा कोणी भेटेल ह्याची त्यांनी वाट पाहिलेली होती. आपले प्रश्न पत्रांतून विचारत, नाव लपवत, वाद घालत त्यांनी दोन वर्षे घालवली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह जमला होता ते अमेरिकन होते, पण बाप्तिस्मा द्यायचा तर एतद्देशीय पाळकानेच द्यावा, हा त्यांचा आग्रह होता. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे नव्हे, हे त्यांना पहिल्याच दिवशी दाखवायचे होते.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे पाऊल टाकताना त्यांनी बायकोला विश्वासात घेतले नाही. लक्ष्मीबाईंना ही बातमी इतरांकडून कळली. त्या वेळी त्या सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या, पदरी लहानगा दत्तू होता. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. लोक सांत्वनाला येत आणि जखमेवर मीठ चोळून जात. थोर माणसांची चरित्रे लिहिताना अशा जागा झाकण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हाला ती पटत नाही. टिळकांनी सत्याची किंमत मोजली हे खरे, पण त्यातील निम्मी किंमत त्या घरातल्या बाईने मोजली, आणि तिला विचारलेही गेले नव्हते.

मग त्या चार-पाच वर्षांत तिला सांभाळले कोणी? तिच्या माहेरच्यांनी, आणि विशेषतः थोरली बहीण भिकूताई व मेहुणे नाना पेंडसे ह्यांनी. हे कर्मठ वळणाचे हिंदू घर. नवरा ‘बाटला’ म्हणून तिला टाकून देणे समाजाच्या दृष्टीने सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. तिला आणि मुलाला घरात ठेवले, त्यांच्या दुखण्याखुपण्यात जवळ राहिले, आणि टिळकांची पत्रे येत राहिली तीही अडवली नाहीत. पुढे ती नवऱ्याकडे जायला निघाली तेव्हा ह्या घराचे दुःख थोडे नव्हते, पण त्यांनी प्रेम तोडले नाही.

दाखला नीट वाचला तर येशूच्या ऐकणाऱ्यांना बोचले असेल ते हेच. थांबणारा माणूस त्यांच्यातला नव्हता. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही असा तो परका होता, आणि दया कशाला म्हणतात हे त्याच्याकडून शिकायला सांगितले होते. टिळकांच्या चरित्रात शोमरोन्याचे काम पहिल्यांदा एका हिंदू घराने केले. आम्ही हे मुद्दाम नोंदवतो, कारण आपल्या पत्रिकांमधून दया दाखवणारे नेहमी आपणच असतो.

लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या त्या आपल्या अटींवर. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, कोणी शिवायचे नाही. टिळकांनी ते सगळे मान्य केले. नगर जिल्ह्यात ज्यांच्या शेजारी त्यांना राहायचे होते ते बहुतेक ख्रिस्ती लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून आलेले होते. त्यांचा वारासुद्धा नको अशा वळणात ही बाई वाढलेली. टिळकांनी तिला वाद घालून जिंकण्याचा प्रयत्न केला नाही. पुढे राहुरीला असताना एका रात्री लक्ष्मीबाई विचार करत राहिल्या. देवाने प्राण्यांच्या निरनिराळ्या जाती केल्या त्या दिसतात, पण माणसामाणसांतला हा भेद देवाचा केलेला कुठे दिसतो? तो माणसांनीच केलेला असणार. सकाळी उठून त्यांनी नवऱ्याला सांगितले की आजपासून मी कोणाच्याही हातचे खाईन, पिईन. एका रात्रीत हजारो वर्षांचे ओझे त्यांनी खाली ठेवले. कोणा पाळकाचे प्रवचन ऐकून हे झालेले नव्हते. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ह्याच सुमारास छप्पनचा दुष्काळ पडला. १८९९-१९०० सालचा हा दुष्काळ आपल्या भागातील जुन्या घराण्यांच्या आठवणींत अजून सांगितला जातो. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) मिशनच्या आवारांत अनाथ मुलांचे लोंढे आले. कोण कुठल्या गावचा, कोणत्या जातीचा, आईबाप आहेत की गेले, काही ठिकाणा नाही. मिशनची वसतिगृहे होतीच. पण टिळक मुलांना घरी आणू लागले. लक्ष्मीबाईंनी हाडांचे सापळे झालेली ही पोरे न्हाऊ घातली, त्यांच्या उवा काढल्या, खरूज धुतली, आणि आपल्या दत्तूच्या पंगतीला बसवली. थोड्याच वर्षांपूर्वी ह्याच बाईला कोणाची सावली चालत नव्हती.

त्यामागून प्लेग आला. लोक घरे सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेले. माणूस आजारी पडले की सख्खे नातेवाईक दूर पळत. टिळक पति-पत्नी प्लेगच्या छावणीत राहिली आणि रोग्यांची शुश्रूषा केली. लक्ष्मीबाईंना ना शिक्षण होते ना वैद्यकीचे ज्ञान. औषध पाजणे, अंग पुसणे, मरणाऱ्याजवळ बसणे एवढे त्या करत होत्या.

टिळकांच्या दातृत्वाच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण त्या सांगताना आम्हाला पुन्हा लक्ष्मीबाईंची बाजू घ्यावीशी वाटते. पगार हातात पडला की घरी पोचेपर्यंत तो निम्मा होत असे. वाटेत कोणी गरजू भेटला की खिसा रिकामा. रात्री-अपरात्री पाहुणे घेऊन यायचे, आणि घरात पीठ आहे की नाही ह्याची चौकशी नाही. वर राग नाकाच्या शेंड्यावर. एका क्षणी भडकायचे, दुसऱ्या क्षणी लहान मुलासारखे रडून क्षमा मागायची. परक्यावर दया करणाऱ्या माणसाच्या घरात त्या दयेचा हिशेब कोणाला तरी जुळवावा लागतो, आणि तो बहुधा स्वयंपाकघरात जुळवला जातो. आपल्या धर्मग्रामातही जे पुरुष सेवाकार्यात पुढे असतात, त्यांच्या घरच्या माउल्यांना हे वेगळे सांगायला नको.

नगरच्या त्या घरात आलेल्यांपैकी एक नाव सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले होते. तिथे सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या मुलाची कविता ऐकून सगळे चकित झाले, आणि ‘बालकवी’ हे नाव त्याला तिथे मिळाले. घरची परिस्थिती हलाखीची, स्वभाव हळवा आणि लहरी. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणून ठेवले. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले, त्याचे रुसवेफुगवे काढले. हिंदू ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती घरात राहतो म्हणून लोकांनी बोलायचे ते बोलले. पण ह्या घरात राहण्याची किंमत म्हणून त्याच्याकडून बाप्तिस्म्याची अपेक्षा कधी केली गेली नाही. तो हिंदू म्हणून आला आणि हिंदूच राहिला.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली होती. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. तोवर मराठी ख्रिस्ती उपासनेत बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर म्हटली जात. शब्द मराठी, पण जीभ अडखळायची. टिळकांनी अभंग, ओवी, आरती, भजन हे सगळे ख्रिस्ताच्या पायाशी आणले. टाळ-मृदंगावर ख्रिस्ताचे कीर्तन होऊ लागले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती, आणि तो पूल त्यांनी कधी मोडला नाही. आपल्या कॅथलिक परंपरेत फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करून हीच वाट दाखवली होती. मध्ये तीनशे वर्षे ती वाट गवताखाली गेली.

आपल्या भागात त्या काळी दुसऱ्या पद्धतीनेही हे काम चालले होते. डॉक्टर विल्यम वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले शल्यचिकित्सक १८८९ साली भारतात आले. आधी सांगलीला त्यांनी दवाखाना चालवला आणि १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय सुरू केले. तिथे सोवळ्यातला भटजी आणि गावकुसाबाहेरचा माणूस एकाच छपराखाली येत. पुढे वैद्यकीय शिक्षणाची शाळा आली, कुष्ठरोग्यांसाठी आश्रम आला, क्षयरोग्यांचे रुग्णालय आले. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया मिरजेला झालेली असेल. वॉनलेस १९२८ पर्यंत मिरजेत राहिले आणि १९३३ साली अमेरिकेत वारले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख कधीतरी लिहायला हवा. येथे नुसते स्मरण करून पुढे जातो.

आता आपण साताऱ्याकडे येऊ. १९१७ साली, वयाच्या छप्पनाव्या वर्षाकडे झुकलेले असताना, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. संन्यास घेतला. आमच्या वाचकांपैकी काहींना हा शब्द खटकेल, कारण त्यांना बायको होती, मुले होती, आणि ते त्यांना सोडून रानात गेले नाहीत. त्यांचा संन्यास पैशाचा, हुद्द्याचा आणि परदेशी आश्रयाचा होता. मिशनचा पगार घेणारा माणूस ख्रिस्ताविषयी बोलू लागला की हिंदू बांधवांना वाटते, हा पोटासाठी बोलतो. तो संशय त्यांना कायमचा काढून टाकायचा होता. मग ते साताऱ्याला येऊन राहिले आणि तिथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

हा दरबार म्हणजे मोठी इमारत नव्हती, नवा पंथही नव्हता. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्यांचा तो मेळावा होता, आणि त्याचे वैशिष्ट्य एकच. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, असे दोन्ही तिथे बरोबरीने बसत. टिळकांना वर्षानुवर्षे अशी माणसे भेटत होती, ज्यांच्या मनात ख्रिस्त बसला होता, पण घर, आईबाप, बायको, जात ह्यांच्यापासून तुटण्याचे धैर्य होत नव्हते, किंवा तुटणे बरोबर आहे असे वाटतही नव्हते. बाप्तिस्मा म्हणजे आपल्या माणसांचा त्याग आणि परक्यांचा वेष, असा अर्थ समाजाने लावला होता, आणि काही अंशी ख्रिस्ती लोकांनीही तो लागू दिला होता. अशा माणसांना चर्चच्या दाराबाहेर ताटकळत ठेवायचे का? लक्ष्मीबाईंचे चार-पाच वर्षांचे दुःख त्यांनी पाहिले होते. स्वतःच्या एका निर्णयाने किती घरे रडली हे त्यांच्याइतके कोणाला कळत होते? आमच्या मते दरबाराची कल्पना केवळ देशाभिमानातून आली नाही. तिच्यात त्या जुन्या जखमेचाही भाग असला पाहिजे.

साहजिकच पुष्कळ मंडळी साशंक झाली. बाप्तिस्मा न घेताही शिष्य होता येते म्हटले तर मग चर्च कशाला, असे विचारणारे होते. टिळक हिंदू होऊ लागले, असे म्हणणारेही होते. उलट बाजूला हिंदू समाजातील काहींना हा धर्मांतराचा नवा डाव वाटला. म्हणजे टिळक दोन्हीकडून बाहेरचे ठरले.

आम्ही कॅथलिक म्हणून ह्या प्रश्नाकडे कसे पाहावे? प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्हाला टिळकांचे सगळे पटत नाही. आपल्यासाठी बाप्तिस्मा ही केवळ बाहेरची खूण नाही. तो संस्कार आहे, देवाने दिलेले नवे जीवन आहे, आणि तो टाळून ख्रिस्तसभेची कल्पना करता येत नाही. पण टिळकांच्याच वर्षी, १८६१ साली, बंगालमध्ये जन्मलेले ब्रह्मबांधव उपाध्याय कॅथलिक होऊन भगवी वस्त्रे घालून फिरले, तेव्हा आपल्याच अधिकाऱ्यांना ते झेपले नव्हते. १९०७ साली ते वारले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ आणि १९६५ सालच्या दस्तऐवजांत सांगितले की, स्वतःच्या दोषावाचून ज्यांना ख्रिस्ताची ओळख झालेली नाही पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते, आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. टिळकांचा दरबार त्याआधी जवळजवळ अर्धे शतक भरला होता. टिळक बरोबर होते असे ह्यावरून सिद्ध होत नाही. पण ते ज्या प्रश्नाशी झटत होते तो खरा होता, एवढे नक्की होते.

तो प्रश्न आपल्याही चर्चमध्ये दर रविवारी शेवटच्या बाकावर बसलेला असतो. लग्नामुळे आपल्यात आलेली पण बाप्तिस्मा न घेतलेली सून, बुधवारच्या नोव्हेनाला न चुकता मेणबत्ती लावणारे शेजारी, मुलाला कॉन्व्हेंटमध्ये घालायला आलेला आणि नंतर नुसताच येत राहिलेला बाप. ते ख्रिस्तप्रसादाला पुढे येत नाहीत, त्यांना नियम माहीत असतात. आपण त्यांच्याशी शांतीचे नमस्कार करतो की नाही, आणि मिस्सा संपल्यावर त्यांच्याशी बोलायला थांबतो की नाही, हे मात्र कुठल्या नियमात लिहिलेले नाही. नाताळच्या रात्री परत गेलेल्या त्या कुटुंबाने आपल्याकडे काहीच मागितले नव्हते. त्यांना फक्त बाळ पाहायचे होते. मेंढपाळांना तरी बेथलेहेमात दाराशी कोणी काय विचारले होते?

साताऱ्याचे दिवस टिळकांना फार लाभले नाहीत. ५ मे १९१८ रोजी खानदेशात भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. ह्या घराला तो मुलाच्या मृत्यूइतकाच मोठा घाव होता. पुढच्याच वर्षी टिळकांची प्रकृती बिघडली. त्यांना मुंबईला रुग्णालयात हलवण्यात आले आणि ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्या व्यक्तिमत्त्वाभोवती उभा होता. ते गेल्यावर तो हळूहळू पांगला. संस्था म्हणून पाहिले तर तो अपयशीच म्हणावा लागेल, आणि टिळकांना संस्था चालवण्याचा वकूब नव्हता हेही खरे.

त्याच १९१९ सालच्या ऑक्टोबरात कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली, आणि तिच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. भाऊरावांची प्रेरणा वेगळी होती. पण साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात.

राहता राहिल्या लक्ष्मीबाई. पन्नाशीत विधवा झालेली, शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. मुंबईला मुलींच्या वसतिगृहात त्यांनी लोकांच्या लेकी सांभाळल्या. कीर्तने केली. आठवणी लिहून काढल्या. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओव्यांत लिहायला घेतले होते, ‘ख्रिस्तायन’ म्हणून. दहा-अकरा अध्याय झाले असतील नसतील तोच ते गेले. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि ६० हून अधिक अध्याय स्वतः लिहून पुरे केले. ज्या ग्रंथाच्या वाचनाने नवरा घरातून गेला, त्याच ग्रंथाची कथा त्यांनी जात्यावरच्या ओवीत आणली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या, आणि ‘ख्रिस्तायन’ छापून झाले ते १९३८ साली.

‘स्मृतिचित्रे’ची एक जुनी प्रत आपल्या धर्मग्रामाच्या वाचनालयात आहे. पुठ्ठा निघालेला आहे, तरी पाने सगळी शाबूत आहेत. ज्यांना हवी असेल त्यांनी दुसऱ्या मिस्सेनंतर सिस्टरांकडे नाव लिहून न्यावी, आणि पंधरा दिवसांत परत करावी, कारण यादीत आधीच चार नावे आहेत.